गोदामातील धूर ओळखणारे कॅमेरे : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सिन्नर तालुक्यातील मुसळगाव औद्योगिक वसाहतीत असलेल्या आमच्या गोदामाची सुरक्षितता आणि साठा या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याची खोकी, द्राक्षे भरायचे प्लास्टिकचे छोटे डबे म्हणजे पनेट, बबल शीट आणि कागदाचे रीळ असा सगळा झटकन पेट घेणारा माल येथे असतो आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे द्राक्षांच्या हंगामात, तो रॅकच्या वरच्या फळीपर्यंत भरलेला असतो. पत्र्याचे छत मध्यभागी सुमारे १२ मीटर उंच आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही येथे धूर आणि ज्वाळा ओळखणारे आठ कॅमेरे बसवले. असे कॅमेरे घेण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथे १ जानेवारी २०२३ रोजी कारखान्याला लागलेली आग आणि त्यात दगावलेले कामगार नाशिककर विसरलेले नाहीत. त्यानंतर आमच्याकडेही प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न निघत असे, तो म्हणजे आग लागलीच तर ती आपल्याला किती लवकर कळेल. छताखाली बीम डिटेक्टर, म्हणजे प्रकाशाच्या किरणाआड धूर आला की इशारा देणारी उपकरणे होती, त्यांची तपासणी वेळच्या वेळी होत होती आणि कागदोपत्री कोणतीही त्रुटी नव्हती. तरीही गेल्या वर्षी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, आम्ही मोकळ्या मार्गिकेत लोखंडी ट्रेमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे पेटवून पाहिले. दोन माणसे अग्निशामक नळकांडी घेऊन शेजारी उभी होती. धूर सरळ वर चढला आणि रॅकच्या माथ्याच्या थोडा वर पोहोचताच चादर अंथरावी तसा आडवा पसरू लागला. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा जाड थर साचलेला असतो. लहान आगीचा धूर वर जाता जाता निवतो आणि त्या थराला भेदून पुढे जाऊ शकत नाही, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. त्या दिवशी ती डोळ्यांनी पाहिली. ट्रेमधील पुठ्ठा जळून राख झाला तरी छताखालचा डिटेक्टर गप्पच होता.

धूर आपल्यापर्यंत येण्याची वाट कॅमेऱ्याला पाहावी लागत नाही, हाच या पद्धतीचा मुख्य फायदा आहे. भिंतीवर सात मीटर उंचीवर बसवलेला कॅमेरा समोरची पूर्ण मार्गिका पाहत असतो. धुरामुळे मागच्या वस्तूंच्या कडा पुसट होतात आणि तो पुसटपणा वर सरकत पसरत जातो, तर ज्वाळा सेकंदाला साधारण १ ते १० वेळा लवलवते आणि तिचा आकार सतत बदलतो. प्रणाली या खुणा शोधते. मात्र कोणत्याही साध्या सीसीटीव्हीवर आग ओळखण्याचे सॉफ्टवेअर चढवले की काम झाले, असे समजू नये. आगीच्या अलार्मविषयीच्या अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेने २००७ च्या आवृत्तीपासून अशा शोधकांना स्थान दिले आहे आणि त्यांच्या चाचणीसाठी एफएम या अमेरिकी प्रमाणन संस्थेच्या ३२३२ सारखी स्वतंत्र मानके आहेत. आम्ही दरपत्रक मागवतानाच त्या मान्यतेचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा सहापैकी चार पुरवठादार तिथेच गळाले. जुने बीम डिटेक्टर आम्ही काढले नाहीत. परवानाधारक एजन्सीनेही जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा सहामाही दाखला, देताना हे कॅमेरे मूळ यंत्रणेला जोड म्हणूनच धरले आणि मला ते योग्यच वाटते.

पहिले तीन महिने कठीण गेले. जुलैमध्ये माझ्या नोंदवहीत ४१ खोटे अलार्म आहेत. डॉकला मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकचा डिझेलचा धूर, मुसळधार पावसात उघड्या शटरमधून आत शिरणारे तुषार आणि फोर्कलिफ्टवरचा फिरता पिवळा दिवा ही त्यातली नेहमीची कारणे होती. एक कारण मात्र आम्हाला बरेच दिवस सापडत नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस उघडला आणि रोज संध्याकाळी पाचच्या आसपास तिसऱ्या कॅमेऱ्यावर ज्वाळेचा अलार्म येऊ लागला. शेवटी मी स्वतः त्या वेळी तिथे जाऊन उभी राहिले. पश्चिमेच्या शटरमधून तिरपे ऊन येत होते, एका पॅलेटला गुंडाळलेल्या स्ट्रेच फिल्मचे टोक सुटलेले होते आणि पंख्याच्या वाऱ्यावर ते फडफडताना केशरी चमकत होते. क्षणभर मलासुद्धा ते पेटल्यासारखेच दिसले. त्यानंतर फिल्मचे टोक आत खोचल्याशिवाय पॅलेट रॅकवर चढवायचे नाही, असा नियम केला आणि तो अलार्म बंद झाला.

हे मुद्दाम विस्ताराने लिहिले, कारण पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने सुचवलेला उपाय वेगळा होता. चित्राच्या त्या भागावर मास्क टाका, म्हणजे तेवढा भाग प्रणाली पाहणारच नाही, असे त्याचे म्हणणे होते. मास्क टाकायला दोन मिनिटे लागतात आणि खोट्या अलार्मने वैतागलेल्या माणसाला तो मोह आवरत नाही. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत धूप आणि कापूर असणार म्हणून आम्हीही चौथ्या कॅमेऱ्याच्या डाव्या भागावर एका दिवसापुरता मास्क टाकायला सांगितला होता. तो काढल्याचा निरोपही मला मिळाला. जानेवारीत चाचणीसाठी त्याच कोपऱ्यात धूर केला तेव्हा प्रणालीने दखल घेतली नाही आणि मग उलगडा झाला की मास्क तसाच होता. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, गोदाम भरत असताना, तो कोपरा आंधळा होता. निरोपावर विसंबून मी स्वतः पडद्यावर खात्री केली नाही, ही माझीही चूक होती आणि तिची मला आजही खंत वाटते. आता प्रत्येक मास्कची नोंद वहीत होते, त्यावर दोघांच्या सह्या असतात आणि दर सोमवारी आठही चित्रे उघडून मी स्वतः पाहते.

फेब्रुवारीतील एका रात्री या खर्चाचे चीज झाले. पावणेतीन वाजता फोर्कलिफ्टच्या चार्जिंगच्या कोपऱ्यातून धुराचा अलार्म आला. चौकीतल्या पडद्यावर त्या जागेभोवती लाल चौकट दिसत होती, त्यामुळे रात्रपाळीच्या वॉचमन काकांना शोधाशोध करावी लागली नाही. त्यांनी आधी मुख्य खटका पाडला आणि मग मला फोन केला, ‘‘मॅडम, चार्जरच्या वायरीतून धूर निघतोय, अजून पेटलं नाही.’’ मी पोहोचले तेव्हा जोडणीच्या प्लगचे काळे प्लास्टिक वितळून फरशीवर ओघळले होते आणि चार हातांवर पनेटच्या पॅलेट उभ्या होत्या. नंतर नोंदी तपासल्या. चित्रात धूर दिसू लागल्यापासून २८ सेकंदांत अलार्म झाला होता. छताखालच्या बीमची त्या रात्री एकही नोंद नाही. एवढासा धूर तिथवर पोहोचलाच नसावा.

तो धूर दिसला, कारण त्या कोपऱ्यात दिवा चालू होता. अंधारात ज्वाळा दिसते, पण धूर दिसायला उजेड किंवा इन्फ्रारेड प्रकाश लागतोच. पूर्वी आम्ही वीज वाचवण्यासाठी रात्री सगळे दिवे बंद करत होतो. आता एकाआड एक एलईडी रात्रभर चालू ठेवतो आणि वाढलेल्या बिलाबद्दल व्यवस्थापनाशी मला दोनदा बोलावे लागले. ज्या दोन कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड आहे, त्यांच्या भोवती रात्री किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतात आणि काचेसमोर जाळे धरले की चित्र धूसर होते. त्यामुळे महिन्यातून एकदा शिडी लावून काच पुसणे टाळता येत नाही. पुठ्ठ्याची धूळही त्यावर बसतेच. डिसेंबरात उंदरांनी एक केबल कुरतडली, पण जोडणी तुटताच पॅनेलवर दोष दिसला, म्हणून ती त्याच दिवशी बदलता आली. घेण्यापूर्वी अशी एक वायर स्वतः काढून पाहावी आणि पॅनेल बोलते का, हे तपासावे. चित्रांची छाननी करणारा सर्व्हर गोदामातच ठेवला आहे. वादळी पावसात इंटरनेट दिवसदिवस गेले तरी अलार्म चालू राहिले.

पुरवठादाराबद्दल माझी एक तक्रार आहे. सॉफ्टवेअरचा परवाना दर कॅमेऱ्यामागे दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, ही गोष्ट दरपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती आणि बोलण्यात ती कोणीच काढली नाही. सेवेसाठी माणूस मात्र बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी येतो.

खोट्या अलार्मची संख्या एप्रिलमध्ये तीनवर आली. आता काळजी आहे ती ग्रेपगार्डच्या, म्हणजे द्राक्षे टिकावीत म्हणून खोक्यात घालायच्या कागदांच्या, खोलीची. या कागदांतील सोडियम मेटाबायसल्फाइटमधून उष्णता आणि ओल लागली की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून तो साठा वेगळा ठेवला आहे आणि तिथे आज एकही कॅमेरा नाही. नवव्या कॅमेऱ्याची मागणी मी दिली आहे. तो येईपर्यंत त्या खोलीच्या दाराला काचेची खिडकी बसवून घेतली आहे आणि वॉचमन काका दर तासाला तिथे डोकावून वहीत वेळ लिहितात.