गॅदरिंगला क्यूब दाखवायचाय? चेकरबोर्ड, ठिपके की क्यूबमध्ये क्यूब

गॅदरिंगच्या दिवसांत सांगलीतल्या घराघरांत हा प्रश्न येतो. पोराला रुबिक्स क्यूब सोडवता येतो, पण स्टेजवर नुसता सोडवून दाखवला तर मागच्या रांगेला काही कळत नाही. मग बाई म्हणतात, नक्षी करून दाखव. कुठली करावी? पोरं चाली किती आहेत ते मोजून ठरवतात. मी म्हणेन, रंग बघून ठरवा.

चेकरबोर्ड, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, सगळ्यात सोपा. आर टू, एल टू, यू टू, डी टू, एफ टू, बी टू. आर म्हणजे उजवी बाजू, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ समोरची, बी मागची; टू म्हणजे अर्धी फेरी. सहाच चाली, सगळ्या अर्ध्या फेरीच्या. प्राइमची, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरीची, भानगड नाही. हाच क्रम पुन्हा केला की क्यूब पहिल्यासारखा होतो, त्यामुळे घाबरलेलं पोरही निभावून नेतं. अडचण पुढं आहे. या नक्षीत समोरासमोरच्या बाजूंचे रंग एकमेकांत जातात, आणि आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर नारिंगी आणि निळ्यासमोर हिरवा असतो. म्हणजे सगळ्या जोड्या जवळच्याच रंगांच्या! टेबलावर छान दिसतं. स्टेजवरच्या पिवळ्या हॅलोजनखाली मात्र पांढऱ्या-पिवळ्याची बाजू सरसकट पिवळी दिसते आणि लाल-नारिंगीचं तर विचारूच नका. नाट्यपंढरीत राहून शेवटच्या रांगेचा विचार करायचा नाही, हे काही बरं नव्हे.

यावर एक तोड आहे. जपानी रंगरचनेत पांढऱ्यासमोर निळा आणि पिवळ्यासमोर हिरवा असतो, लाल-नारिंगी तसेच. तिथं चेकरबोर्ड उठून दिसतो. असा क्यूब दुकानात शोधत बसू नका. स्टिकरवाला जुना क्यूब घ्या, सोडवा, आणि पिवळे नऊ व निळे नऊ स्टिकर एकमेकांच्या जागी लावा. झाली जपानी रचना. लाल-नारिंगीच्या बाजू तेवढ्या प्रेक्षकांकडं करायच्या नाहीत. पण एक लक्षात ठेवा: तळाशी पांढरा, वर पिवळा अशी सवय लागलेल्या पोराला त्या क्यूबवर सोडवताना चाचपडायला होईल. तो क्यूब नक्षीपुरताच ठेवा.

सहा ठिपके ही माझी पसंती. यू, डी प्राइम, आर, एल प्राइम, एफ, बी प्राइम, यू, डी प्राइम. नुसतं अक्षर म्हणजे घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी. आठ चाली, समोरासमोरच्या बाजू जोडीनं फिरतात, म्हणून बोटांना लवकर बसतं. हळू करून बघा: हिरवा मधला तुकडा समोर धरला असेल तर तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही, भोवतीची आठ घरं तेवढी दुसऱ्या रंगाची होतात. हाच क्रम तीनदा केला की क्यूब परत सुटलेला. दुसऱ्यांदा केल्यावर ठिपके असतातच, फक्त रंगांची जोडी बदललेली. म्हणजे एकाच पाठांतरात दोन नक्ष्या आणि शेवट, असा अख्खा कार्यक्रम होतो.

इथं एका कोपऱ्याला भिडणारे तीन रंग आपसात फिरतात, त्यामुळं पांढऱ्या-पिवळ्याची गाठ पडत नाही. पिवळा आणि नारिंगी मात्र एका त्रिकुटात येऊ शकतात, ते टाळा. आले तर क्यूब सोडवा, पांढरा वर ठेवून अख्खा क्यूब पाव फेरी वळवा आणि पुन्हा करा. एका नाहीतर दोन वळणांत लाल-पिवळा-निळा किंवा लाल-पिवळा-हिरवा असं त्रिकूट मिळतं. ती धरण्याची पद्धत मग पक्की करून टाका.

क्यूबमध्ये क्यूब दिसायला सगळ्यात देखणा. एका कोपऱ्याशी छोटा दोन बाय दोनचा क्यूब बसवल्यासारखा वाटतो आणि रंगाचे मोठे पट्टे पडल्यानं लांबूनही कळतो. पण क्रम पंधरा चालींचा आणि त्यात ठिपक्यांसारखी लय नाही. एक चाल चुकली की स्टेजवरच क्यूब विस्कटला. हातात महिनाभर असेल आणि पोर चिकाटीचं असेल तरच यात पडा.

सुपरफ्लिपचं, म्हणजे कडेचे सगळे तुकडे जागच्या जागी उलटे झालेल्या नक्षीचं, नाव कुणी काढेल. वीस चाली लागतात, त्याहून कमीत होतच नाही हे 1995 मध्ये सिद्ध झालं. गणितवाल्यांना कौतुक, प्रेक्षकांना तो न सुटलेला क्यूब वाटतो. सोडून द्या.

क्यूब काळ्या चौकटीचा की स्टिकरलेस, म्हणजे रंगीत प्लास्टिकचाच? सरावाला स्टिकरलेस बरा, सोलायला काही नसतं. स्टेजसाठी काळा, कारण घराघरांमधली काळी रेघ रंग वेगळे ठेवते. लोहचुंबकवाला मिळाला तर उत्तम, फेरी अर्धवट राहत नाही. अगदी स्वस्तातला घट्ट क्यूब अर्ध्या फेऱ्यांत हमखास अडतो.

गॅदरिंगऐवजी विज्ञान प्रदर्शनात टेबल मांडणार असाल तर माझा सल्ला बदलतो. तिथं लोक हातभर अंतरावरून, ट्यूबलाइटमध्ये बघतात. साध्या क्यूबवरचा चेकरबोर्ड पुरे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या सहा चाली जागच्या जागी शिकवता येतील.