भौतिकशास्त्र विगमनावर उभं आहे का? बाजू निवडण्याआधी

भाची फोंड्याला बीएस्सी करते. वादस्पर्धेत हाच विषय आलाय आणि बाजू तिनेच निवडायची आहे. तिला रविवारी जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो.

विगमन म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढणं. ते काय असतं हे करंझाळ्याच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, ठाऊक आहे, नाव ठाऊक नसलं तरी. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची म्हणजे कमी चढणारी भरती, आणि रोज भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा. बापजाद्यांनी हेच पाहिलं, म्हणून उद्याही असंच होणार. न्यूटनही याच बाजूचा. 'प्रिन्सिपिया'च्या १७१३च्या आवृत्तीत तो सांगतो की विधानं घटनांवरून काढायची आणि विगमनाने व्यापक करायची.

यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९ मध्ये बोट ठेवलं. काल झालं म्हणून उद्या होईल, हे कशावरून? निसर्ग एकसारखा वागतो म्हणाल, तर तेही कालच्याच अनुभवावरून म्हणता. ही शंका विलायती आहे असं समजू नका. धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे दोघांचा कायमचा संबंध, सगळ्या ठिकाणी, सगळ्या काळी कोणी तपासली, असं चार्वाकांनी नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, केव्हाच विचारलं होतं.

विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याने १९३४ मध्ये विगमन सोडूनच दिलं. सिद्धांत कुठूनही सुचू दे, स्वप्नात का असेना. पण काय दिसलं तर तो खोटा ठरेल, हे त्याने आधी सांगायला हवं. १९१९चं खग्रास ग्रहण हे याचं ठसठशीत उदाहरण. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइनच्या हिशेबाने १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळायला हवा होता, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन फोटो घेतले. (ते बेट तेव्हा पोर्तुगालचं, म्हणजे आपल्या गोव्यासारखंच.) कौल आइन्स्टाइनकडे गेला.

टाळ्या याच बाजूला मिळतात. पण युरेनस ठरल्या कक्षेतून ढळला तेव्हा न्यूटनला कोणी खोटं ठरवलं नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असेल असं धरलं, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त सरकते, तिथेही तीच युक्ती केली, कल्पित ग्रहाचं नाव 'व्हल्कन' ठेवलं. तो काही सापडला नाही. १९१५ मध्ये सिद्धांतच बदलला तेव्हा कोडं सुटलं. सिद्धांत टाकायचा की नवा ग्रह शोधायचा, हे त्या क्षणी पॉपर सांगू शकत नाही. सिद्धांत एकटा परीक्षेला बसत नाही, सोबत गृहीतकांची वरात असते, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दुहेमने १९०६ मध्येच दाखवलं होतं.

माझं मत विचाराल तर मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक काढून बघा. मुख्य चांद्र भरतीचा १२ तास २५ मिनिटांचा ठेका चंद्राच्या गतीवरून निघतो. तो सिद्धांताचा भाग. पण त्या बंदरात पाणी किती चढेल आणि चंद्रामागून किती वेळाने, ते तिथल्याच जुन्या नोंदींवरून काढावं लागतं. सांगाडा कल्पनेचा, आकडे विगमनाचे. शिवाय आजवर टिकलेल्या सिद्धांतावर उद्याही भरवसा ठेवायचा, तर विगमन मागच्या दाराने घरात आलंच की!

भाचीला म्हटलं, 'विगमनावर नाही' ही बाजू बोलायला सोपी आहे, हवी तर घे. फक्त 'मग उद्या बेतीच्या फेरीबोटीत कशाच्या भरवशावर चढशील?' असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेव. तिने अजून बाजू कळवलेली नाही.