'विमानात चालते' असे सांगून विकलेल्या कार सीट

सांगली-मिरजेकडून लहान मुलांना घेऊन परदेशी जाणारी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांना लागणाऱ्या कार सीट, म्हणजे प्रवासात लहान मुलाला सुरक्षित बसवण्याच्या वेगळ्या खुर्च्या, आपल्या शहरातही विकल्या जातात. विश्रामबाग परिसरातील एका दुकानदाराने आमच्या कन्येच्या प्रवासासाठी अशा दोन सीट देताना जी फसवणूक केली, ती इतर पालकांच्या बाबतीत होऊ नये म्हणून तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने दुकानाचे नाव देत नाही.

कन्या तिची तीन वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा यांना घेऊन एकटीच मुंबईहून अमेरिकेला, जावयांकडे जाणार होती. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर बसवून नेता येते. तरीही आम्ही धाकट्यासाठी स्वतंत्र आसनाचे तिकीट काढले होते, कारण विमान हवेत जोरात हादरले तर आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत. १९८९ साली अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेडचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले, तेव्हा मांडीवरच्या मुलांना खाली जमिनीवर ठेवून धरण्याची सूचना त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पालकांना दिली गेली होती. अशा चार मुलांपैकी एक दगावले. ती सूचना देणाऱ्या प्रमुख हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षे, प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन आणि सुरक्षित सीट असावी यासाठी पाठपुरावा केला. तो नियम अद्याप सक्तीचा झालेला नाही, याचे मला दुःख वाटते.

दुकानदाराला आम्ही गरज स्पष्ट सांगितली होती: सीट विमानात वापरायची आहे आणि तिकडे पोहोचल्यावर मोटारीतही. त्याने दोन सीट पुढे केल्या. दोन्हींवर, विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचे लाल इंग्रजी अक्षरांत छापलेले स्टिकर होते. "काका, निर्धास्त राहा, विमानाचा शिक्का आहे यावर," हे त्याचे शब्द होते. धाकट्याच्या सीटला मागे दोन लोखंडी आकडे होते; ते विमानाच्या खुर्चीतही अडकतात, असे त्याने सांगितले. दोन्ही मिळून तेवीस हजार रुपये घेतले आणि हाताने लिहिलेली पावती दिली, जिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या वेळी विमान कंपनीच्या कर्मचारी बाईंनी दोन्ही सीट उलटून पाहिल्या. मोठीच्या सीटवरचे स्टिकर कडेने सुटले होते. ते उचलताच खाली उत्पादकाचे मूळ लेबल दिसले आणि त्यावर नेमके उलट वाक्य होते: ही सीट विमानात वापरण्यास प्रमाणित नाही. ती मुळात बूस्टर होती. बूस्टरला स्वतःचे पट्टे नसतात. तो मुलाला केवळ उंच करतो, म्हणजे मोटारीचा खांद्यावरून येणारा पट्टा नीट बसतो. विमानाच्या खुर्चीला फक्त कंबरपट्टा असतो, त्यामुळे अमेरिकी विमान प्रशासन, म्हणजे एफएए, उड्डाण, उतरणे आणि धावपट्टीवरील चालणे या काळात बूस्टर वापरू देत नाही. शिवाय बूस्टर साधारणपणे चार वर्षांपुढच्या, अठरा किलोंच्या आसपास वजनाच्या मुलांसाठी असतो; आमची नात चौदा किलोंची आहे. म्हणजे ही वस्तू तिच्यासाठी मोटारीतही सुरक्षित नव्हती. पाठीच्या प्लास्टिकवर कोरलेली वापराची मुदतही केव्हाच संपलेली होती. जुना माल नवे कापड घालून आम्हाला नवा म्हणून विकला गेला होता.

धाकट्याची सीट खरी होती, परंतु तिच्याबद्दल सांगितलेले सर्व खोटे होते. ते आकडे आयसोफिक्सचे, म्हणजे सीट थेट मोटारीला जोडण्याच्या पद्धतीचे. त्यांना अडकवण्यासाठी मोटारीच्या आसनात पोलादी कड्या बसवलेल्या असतात. विमानाच्या आसनात त्या नसतातच. विमानात सीट बांधायची ती कंबरपट्ट्यानेच, आणि त्यासाठी सीटच्या अंगात पट्टा ओवण्याची वाट असावी लागते. या सीटला ती नव्हती. तिच्यावर वर्तुळातील 'ई' आणि आर-१२९ हा क्रमांक होता, जो युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या मानकाचा आहे आणि मोटारीपुरता अस्सल आहे. मात्र अमेरिकेतील रस्त्यावर तिथल्या एफएमव्हीएसएस २१३ या मानकाची सीटच लागते, म्हणून जावयांना ती आपल्या गाडीतही वापरता आली नाही. दुकानदाराला मुक्काम अमेरिका आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

दोन्ही सीट शेवटी सामानात गेल्या. धाकटा इतका लांबचा प्रवास आईच्या मांडीवर होता, शेजारी त्याच्या नावाचे पैसे भरलेले आसन रिकामे होते, आणि मोठी केवळ कंबरपट्ट्यावर बसली. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. विमान कंपनीच्या बाईंबद्दल मात्र तक्रार नाही. त्यांनी प्रत्येक गोष्ट दाखवून समजावली, आणि वरील बरीचशी माहिती मला त्यांच्याकडूनच प्रथम कळली.

खऱ्या सीटचे लेबल उत्पादकाने कारखान्यातच लावलेले असते आणि त्यासोबत मॉडेल क्रमांक व उत्पादनाची तारीख असते. अमेरिकी सीटवर मोटार आणि विमान या दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचे वाक्य लाल अक्षरांत असते. ते सुट्या स्टिकरवर असेल तर कडेने नखाने उचलून पाहावे, दुकानदार रागावला तरी पाहावे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, कोणत्या देशात बनला ते, आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या खोक्यांवर यांतले काहीही नव्हते. सीटची रुंदी सोळा इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस सेंटिमीटर असेल तर ती विमानाच्या बहुतेक आसनांत बसते. ती सहसा खिडकीशी लावावी लागते आणि संकटकालीन दाराच्या रांगेत कधीच लावता येत नाही. प्रत्येक विमान कंपनीचे नियम वेगळे असल्याने सीटच्या लेबलाचे छायाचित्र कंपनीला आधी पाठवून उत्तर लेखी मागवावे. दुकानदाराचे तोंडी आश्वासन काउंटरवर कामाला येत नाही.

सीटऐवजी विमानाच्या खुर्चीला बांधण्याचे पट्टेही मिळतात. त्यांपैकी केअर्स या नावाचा पट्टा एफएएने मान्य केलेला आहे, तो दहा ते वीस किलो वजनाच्या आणि एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी. तो मोटारीत वापरायचा नसतो. त्याच्यासारखे दिसणारे स्वस्त पट्टे याच दुकानात टांगलेले मी नंतर पाहिले.

परत आल्यावर दुकानदाराने पावतीवरील 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे आणि रीतसर बिल न देणे, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. पावतीवर छापल्याने ती ओळ कायदा होत नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग सांगलीच्या जिल्हा आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो.

याच भागातून कोणी अशी सीट घेतली असेल, तर तिच्यावरचे स्टिकर रागाने ओरबाडून टाकू नये. वरचे आणि खालचे लेबल दोन्ही दिसतील असे छायाचित्र घ्यावे, खोके व कच्ची पावती जपून ठेवावी, विमान कंपनीने सीट नाकारल्याचे दोन ओळींत लिहून मागावे आणि दोन वर्षांच्या मुदतीत अर्ज करावा.