ट्रेलरच्या छतावरचा टीव्ही अँटेना: वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरला छतात हँडल फिरवून उभा करायचा, पंख पसरल्यासारखा दिसणारा अँटेना आहे. वर्षभर दक्षिण कॅलिफोर्नियात तोच वापरतोय. शरद ऋतूत सांता अ‍ॅना वारे (वणवा भडकवणारे इथले कोरडे, जोरदार वारे) सुटले आणि मोबाइलला रेंज नसली, की वणव्याची स्थानिक बातमी यावरच मिळते. त्यामुळे तो चालू असलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चित्र गेलं की बरेच जण थेट नवा अँटेना मागवतात. घाई करू नका. आधी ट्रेलरच्या आतल्या भिंतीवर टीव्हीची केबल जोडायची जी बटणवाली प्लेट असते, तिचा हिरवा दिवा बघा. अँटेनातल्या बूस्टरला (सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) 12 व्होल्ट वीज कोअ‍ॅक्स केबलमधूनच, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलच्याच केबलमधून, वर जाते. दिवा बंद असेल तर अगदी जवळचे चॅनल सोडून फारसं काही लागत नाही. कॅम्पग्राउंडची केबल जोडली असेल तर मात्र बटण बंदच हवं, कारण बंद केल्यावरच प्लेट केबलकडे वळते.

दिवा लागतोय आणि तरी चित्र नाही? टीव्ही आखूड केबलने थेट प्लेटला जोडा. चित्र आलं तर दोष पुढच्या वायरिंगमध्ये. आमच्याकडे चॅनल अधूनमधून जायचे, ते कपाटामागचा स्क्रूचा कनेक्टर सैल झाल्यामुळे. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी हे होतंच. घट्ट केला, त्रास संपला.

दिशेचं महत्त्व मोठं आहे. लॉस एंजेलिसचे बहुतेक टॉवर माउंट विल्सनवर आहेत. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या लेक पेरिस तलावाहून ते साधारण 55 मैल, पश्चिम-वायव्येला. अँटेना थोडा फिरवायचा, थांबायचं, सिग्नल मीटर बघायचा. अमेरिकेतली मोठी स्टेशनं 12 जून 2009 पासून पूर्ण डिजिटल आहेत, त्यामुळे आता मुंग्या दिसत नाहीत; चित्राचे चौकोन होतात, गोठतं किंवा सरळ गायब होतं. मधे डोंगर आला तर कितीही फिरवा, उपयोग नाही. आणि गाव बदललं की चॅनल पुन्हा स्कॅन करायलाच हवेत.

एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. 7, 9, 11 आणि 13 हे इथले चॅनल व्हीएचएफवर (टीव्हीच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) येतात, आणि स्वस्त एलईडी दिवे किंवा सोलर चार्ज कंट्रोलर (सोलर पॅनलवरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) नेमका तिथेच सिग्नलमध्ये विजेचा गोंगाट करतात. फक्त हेच चॅनल अडत असतील तर दिवे एकेक करून बंद करा, मग सोलर. आमच्याकडे स्वयंपाकघरातली एलईडी पट्टी दोषी निघाली.

अँटेनाबद्दल तक्रार एकच: हँडल फार जड फिरतं, आईला ते जमत नाही. बाकी पैसे वसूल. निघताना तो खाली घेतल्याशिवाय ट्रेलर हलवू नका, पहिल्याच फांदीला अडकून मोडेल. आम्ही ट्रकच्या किल्लीला लाल पट्टी बांधतो, अँटेना खाली आला की मगच ती सोडायची.