पूरग्रस्तांना मदत: सामानाचा ट्रक की खात्यात पैसे?

सांगली-कोल्हापूरसारखा पूर आला की मंडळांत हा वाद हमखास निघतो.

खर्च: सामान आपण किरकोळ भावाने घेतो, वर ट्रकभाडं आणि हमाली. तेच पैसे तिथल्या संस्थेला दिले तर ती घाऊक घेते आणि पुरात बसलेल्या तिथल्याच बाजाराला गिऱ्हाईक मिळतं.

वेळ आणि खटपट: पहिल्या आठवड्यात दुकानंच पाण्यात असतात, तेव्हा ट्रकच कामाचा. मात्र जुने कपडे नकोत. ते निवडायला माणसं अडकतात आणि ढीग भिजत पडतो. नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, चादरी, चटया द्या. तेलाच्या पिशव्या पिठासोबत एका गोणीत भरू नका, एक फुटली की सगळी गोणी वाया. फिनेल, ब्लीचिंग पावडर वेगळ्या खोक्यात. निघण्याआधी तिथे उतरवून घेणारा माणूस फोनवर पक्का करा, नाहीतर हमरस्त्यालगतच्या गावांना चारदा मिळतं, आतल्यांना काहीच नाही.

हिशेब: पैशांत सोपा. करसवलत हवी तर २,००० रुपयांवरची देणगी रोख नको.

परदेशातल्या मंडळांनी सामानाचा नाद सोडावा. संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशातून देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) तपासा. २०२० पासून संस्था परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, म्हणून स्वतः गावात काम करणारीच निवडा.

जवळच्या, टेम्पो आणि पोरं हाताशी असलेल्या मंडळाने पहिल्या आठवड्यात सामान न्यावं. लांबच्यांनी पैसेच द्यावेत. घरदुरुस्ती, वह्या-पुस्तकांसाठीही पैसेच.