गूगल अर्थ प्रो: अंतरासाठी भरवशाचं, उंचीसाठी नाही

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फूट झाली की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या पातळीला पाणी नेमकं कुठल्या गल्लीत शिरतं, हे बातमीत क्वचितच येतं. आकडा छापून आम्ही मोकळे होतो आणि वाचक फोन करून विचारतो, "ताई, सूर्यवंशी प्लॉटपर्यंत आलंय का? कर्नाळ रोड चालू आहे का?" याचं उत्तर द्यायला नकाशाच लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बातमीदाराने लॅपटॉपवर एकच नकाशाचं सॉफ्टवेअर ठेवायचं तर कुठलं, असं कुणी विचारलं की मी गूगल अर्थ प्रोचं नाव घेते. मोबाइलवरचं अर्थ नव्हे, डाउनलोड करून बसवायचं ते.

मुळात बातम्यांच्या धंद्याशी याचं जुनं नातं आहे. २००३च्या इराक युद्धात सीएनएनने पडद्यावर बगदादवर 'उडत' जाणारे जे नकाशे दाखवले, ते कीहोल नावाच्या छोट्या कंपनीचे होते. पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतली आणि २००५ मध्ये गूगल अर्थ आलं. प्रो आवृत्तीला वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागत. २०१५ पासून ती फुकट आहे. आमच्या मानधनात ३९९ डॉलर म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

सगळ्यात कामाची चीज म्हणजे घड्याळाचं चिन्ह. ते दाबलं की त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रं एकेक करून मागे नेता येतात. पूररेषेच्या बातमीला याच्यासारखं दुसरं साधन नाही. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी रेषा असते, ती २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. तो नकाशा बहुधा पीडीएफमध्ये मिळतो. त्याचं जेपीजी करायचं, 'इमेज ओव्हरले'मधून अर्थवर टाकायचं, पूल आणि चौक जुळेपर्यंत कोपरे ओढायचे आणि पट्टी सरकवून चित्र अर्धपारदर्शक करायचं. मग घड्याळ दाबून एकेक वर्ष पुढे यायचं. निळ्या रेषेच्या आत आधी उसाचे फड, मग मुरमाचा भराव, मग पत्र्याची शेड, मग स्लॅब. कुठल्या साली काय उभं राहिलं ते समोर येतं आणि महापालिकेत कुठल्या वर्षाची फाइल मागायची हे कळतं. मात्र हे जुळवणं हाताचं असतं, रेषा दहा-वीस मीटर इकडेतिकडे सहज होते. अमक्याचं घर रेषेच्या आत की बाहेर, हे यावरून ठरवून छापू नये. त्यासाठी मोजणी लागते.

मोजपट्टी उत्तम आहे. रेषा, वाट, बहुभुज, काहीही मोजा, एकर आणि हेक्टर दोन्ही मिळतात. गुंठे हवे असतील तर एकराला ४० ने गुणा. पण इथेच एक मेख आहे. मुरूम उपशाच्या बातमीत तहसील कार्यालयाचा हिशेब ब्रासमध्ये असतो आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. खाण किती एकरांवर पसरली, हे अर्थ चोख सांगेल. किती खोल गेली, हे सांगायला गेलात तर फसाल. त्यामुळे क्षेत्र इथून घ्यावं आणि ब्रासचा आकडा ज्याने खड्डा मोजला त्याच्या नावावर छापावा.

उंचीचंच आणखी सांगते, कारण आमच्या भागात दर पावसाळ्यात यावरून रण माजतं. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण साठ्याची पातळी सध्या ५१९.६ मीटर आहे आणि कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. फरक साडेचार मीटरहून थोडा जास्त. मग कुणीतरी अर्थवर कृष्णेतून रेघ ओढतो, उंचीचा आलेख काढतो आणि 'अलमट्टीचा फुगवटा (धरणामागे नदीत तुंबत मागे येणारं पाणी) सांगलीपर्यंत' किंवा 'फुगवटा येणं अशक्य' असा निकाल व्हॉट्सॲपवर फिरवतो. दोन्ही बाजूंचे लोक हे करतात. अशा फुकट मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांचा मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एन्डेव्हर यानातून झालेली रडार मोजणी. तिची गृहीत धरलेली चूकच १६ मीटरपर्यंतची होती. वाद साडेचार मीटरचा आणि फूटपट्टीचीच चूक १६ मीटर! शिवाय रडारला नदीचा तळ दिसत नाही, त्या दिवशीचं पाणी दिसतं. या बातमीला नदीचे छेद आणि विसर्गाचे आकडेच लागतात.

मग उंचीचा आलेख अगदीच टाकाऊ का? नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा टीव्हीवरून सारखा प्रश्न येत होता, जेसीबी का पोहोचत नाही? वाडी डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, गाडीरस्ता नाही, सगळं पायी चढून. खालच्या रस्त्यापासून वाडीपर्यंत वाट ओढून शेजारी चढाचा आलेख ठेवला की तीन परिच्छेदांचं काम एका चौकटीत होतं. शेकड्यांनी मीटर चढ असेल तिथे दहा-पंधरा मीटरची चूक खपून जाते. फक्त सेटिंगमध्ये उंची फुगवून दाखवायची सोय आहे, तिला हात लावू नये. काही वाहिन्यांवर सह्याद्रीचा हिमालय होतो तो असाच.

'लाइव्ह' दिसेल या आशेने कुणी हे घेऊ नका. चित्र कधीचं आहे ते खाली लिहिलेलं असतं, जवळ गेल्यावरच ती तारीख खरी मानावी. आपल्याकडची बरीचशी चित्रं हिवाळ्या-उन्हाळ्यातली, कारण पावसाळ्यात ढग. ऐन पुराचं चित्र हवं असेल तर सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रं बघा. तीही फुकट आहेत, ढगांतून आरपार बघतात, पण घरं ओळखू येत नाहीत. शोधखिडकीतही जपून. नुसतं 'डिग्रज' टाकून चालत नाही, कसबे डिग्रज वेगळं, मौजे डिग्रज वेगळं.

छापताना खालची गूगलची आणि चित्र पुरवणाऱ्या कंपनीची नावं कापायची नाहीत. डेस्कवरच्या पोराला ते 'खालचं कचकच' वाटतं, तरी नाही. आणि देशाची सीमा दिसेल इतकं दूर जाऊन चित्र उचलायचं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर फौजदारी कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनुसार ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तालुका, नदी, डोंगर अर्थमधून घ्या. देशाचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून उतरवून एकदाच ग्राफिक्सच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे रात्री अकराला शोधाशोध नको.