रँडम-एमआयसीचा वर्षभराचा अनुभव: रकाने उत्तम, ओळी खोट्या

मेरोपेनेम रेझिस्टंट, सेफ्ट्रायाक्झोन सेन्सिटिव्ह. क्लेब्सिएला या जंतूच्या ५०० ओळींच्या सरावाच्या शीटमध्ये असे तीसेक आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळे केलेले जंतू) निघाले आणि पहिल्या वर्षाच्या एका रेसिडेंटने ते जसेच्या तसे अँटिबायोग्राममध्ये, म्हणजे कोणते औषध किती टक्के जंतूंवर चालते त्या तक्त्यात, मांडले. मेरोपेनेमसारख्या राखीव औषधाला न जुमानणारा जंतू सेफ्ट्रायाक्झोनला दाद देणे दुर्मीळ. तिला बोल लावण्यात अर्थ नाही, शीटच तशी होती. आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, औषध-प्रतिकाराचा डेटा हाताळणाऱ्या एएमआर पॅकेजने तयार केलेली. हे पॅकेज मी वर्षभर शिकवायला वापरते आहे, त्यामुळे आता सविस्तर लिहायलाच हवे.

मुळात हा खटाटोप का, ते मायक्रोबायोलॉजीवाल्यांना सांगायला नको. पेशंटचा डेटा वर्गात दाखवायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी, नावे-नंबर काढणे, मेडिकल रेकॉर्डच्या फेऱ्या. तोवर टर्म संपते. पॅकेज घेण्याआधी विभागाने एका ऑनलाइन प्रशिक्षण संस्थेचा कोर्स घेतला होता, पीजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. त्यातल्या ‘सराव डेटासेट’मध्ये प्रोटियस हा जंतू नायट्रोफुरँटॉइनला सेन्सिटिव्ह, जेव्हा तो त्या औषधाला निसर्गतःच रेझिस्टंट असतो! मेल केली तर उत्तर आले की हा केवळ नमुना आहे, फाइल बदलून मिळणार नाही. पैसेही परत मिळाले नाहीत. पोरांच्या खिशातले पैसे असे गेले, याचा राग मला अजून आहे. त्यामुळे फुकट आणि खुले पॅकेज मिळाल्यावर मी आधीपासूनच त्याच्या बाजूने होते.

आणि बरेच काही खरोखर चांगले आहे. रँडम-एमआयसी, रँडम-डिस्क, रँडम-एसआयआर ही तीन फंक्शन्स: अनुक्रमे एमआयसी (जंतूची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण), औषधाच्या चकतीभोवतीचा वाढ नसलेला झोन, आणि एस-आय-आर वर्ग (एस सेन्सिटिव्ह, आर रेझिस्टंट, आय मधला) तयार करणारी. जंतू आणि औषध सांगितले की त्या जोडीला साजेसे आकडे येतात. एमआयसी दुपटीच्या पायऱ्यांवरच येते, ०.२५, ०.५, १, २, मध्येच ०.७ वगैरे येत नाही. ‘≤०.२५’ अशी चिन्हासकट नोंद पॅकेज नीट सांभाळते, एक्सेलसारखा तिचा मजकूर करून टाकत नाही. मग ॲज-एसआयआर हे फंक्शन चालवून एकाच झोनला सीएलएसआय (अमेरिकी) आणि युकास्ट (युरोपीय) या दोन्ही मानक संस्थांचे ब्रेकपॉइंट, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या सीमा, लावून दाखवता येतात. २०१९ नंतर युकास्टच्या ‘आय’चा अर्थ ‘वाढीव एक्स्पोजर दिल्यास सेन्सिटिव्ह’ असा झाला, हे फळ्यावर कितीही सांगा, दोन रकाने शेजारी दिसले की लगेच कळते.

रँडम-एसआयआरबद्दल एवढेच, की प्रमाण न सांगता वापरू नका. तिन्ही वर्ग सारख्या वाट्याने येतात. एक तृतीयांश ‘आय’ कुठल्या लॅबमध्ये निघतात?

सुरुवातीला माझी मोठी तक्रार आकड्यांच्या वाटणीची होती. उपलब्ध टप्प्यात आकडे जवळजवळ सारखे पसरलेले असायचे. २०२५ च्या ३.० आवृत्तीत वितरण एका बाजूला झुकवता येते आणि झुकाव किती तेही ठरवता येते. ती तक्रार मी निम्मी मागे घेते. निम्मीच, कारण खऱ्या एमआयसीला बहुधा दोन उंचवटे असतात: एक मूळ, प्रतिकार न कमावलेल्या जंतूंचा आणि दुसरा प्रतिकार कमावलेल्यांचा. एकाच उंचवट्याला कितीही झुकवले तरी त्याचे दोन होत नाहीत.

नैसर्गिक प्रतिकाराची तक्रार मात्र पूर्ण मागे. क्लेब्सिएला ॲम्पिसिलिनला सेन्सिटिव्ह दिसला की माझे डोके फिरायचे. युकास्ट-रूल्स या फंक्शनने असे निकाल रेझिस्टंट करता येतात. हे फंक्शन मी आता वर्गातही शिकवते.

उरला तो दोष मात्र कुठलाही नियम लावून जात नाही. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे सोडत काढल्यासारखा तयार होतो. एका ओळीतले दहा निकाल एकाच जंतूचे आहेत, याची फंक्शनला जाणीवच नसते. हिशोब करा: सेफ्ट्रायाक्झोनला ७० टक्के रेझिस्टंट, मेरोपेनेमला २० टक्के. स्वतंत्र काढले तर ‘मेरोपेनेम रेझिस्टंट पण सेफ्ट्रायाक्झोन सेन्सिटिव्ह’ ६ टक्के, म्हणजे ५०० मध्ये ३०. प्रत्यक्षात असा रिपोर्ट आला तर आपण प्लेट पुन्हा लावतो. मेरोपेनेमसारखी औषधे फोडणारे ओएक्सए-४८ हे एन्झाइम एकटेच असेल तर सेफलोस्पोरिन (सेफ्ट्रायाक्झोनचा गट) वाचू शकते, मान्य. पण आपल्याकडे त्याच्या जोडीला सेफलोस्पोरिन फोडणारे ईएसबीएल एन्झाइम सहसा असतेच.

कोणी म्हणेल, सरावच तर आहे. नाही, इथेच खरे नुकसान आहे. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला ६० टक्के सेन्सिटिव्ह, ॲमिकासिनला ६० टक्के सेन्सिटिव्ह. दोन्ही मिळून किती पेशंट कव्हर होतील? स्वतंत्र रकान्यांवर उत्तर येते ८४ टक्के. प्रतिकार पूर्णपणे जोडीने फिरत असेल तर ६०च. खरे उत्तर मधे कुठेतरी असते आणि एनडीएम (मेरोपेनेम फोडणारे आणखी एक एन्झाइम) असलेल्या जंतूंमध्ये ॲमिकासिनही अनेकदा गेलेले असते, म्हणून ते ८४ च्या बरेच खाली. उद्या हीच मुले आयसीयूच्या एम्पिरिकल पॉलिसीवर (कल्चरचा रिपोर्ट येण्याआधी कोणते औषध द्यायचे त्या धोरणावर) सह्या करणार आहेत. ८४ बघायची सवय त्यांना लागता कामा नये.

पॅकेजसोबतचा तयार नमुना, २,००० आयसोलेटचा, या बाबतीत सरस आहे. तिथे ओळी एकसंध वाटतात. पण तो नेदरलँड्सचा; मेरोपेनेम रेझिस्टंट शोधत बसावे लागते. आपल्या वॉर्डातले चित्र त्यात दिसत नाही.

म्हणून आता उलटीकडून सुरुवात करते. आधी ‘मेकॅनिझम’ (प्रतिकार कशामुळे) नावाचा लपवलेला रकाना: समजा ३० टक्के साधे, ४० ईएसबीएल, १५ ओएक्सए-४८ सोबत ईएसबीएल, १५ एनडीएम सोबत ईएसबीएल. वाटे ठरवायला आयसीएमआरचे वार्षिक अहवाल खुले आहेतच. मग प्रत्येक मेकॅनिझमसाठी औषधागणिक एमआयसीचा वेगळा टप्पा देऊन रँडम-एमआयसीऐवजी साध्या सॅम्पल फंक्शनने आकडे काढते. एनडीएम ॲझट्रिओनाम फोडत नाही, पण सोबत ईएसबीएल असल्यामुळे तेही रेझिस्टंट येते. शीटमध्ये हे दिसले की मुले स्वतःहून कारण विचारतात. दोन उंचवटेही आपोआप उभे राहतात.

त्यावर दोन गोष्टी मुद्दाम घालते. काही पेशंटचे आयसोलेट पुन्हा पुन्हा, म्हणजे फर्स्ट-आयसोलेट फंक्शनला काम मिळते आणि एम३९ (अँटिबायोग्रामसाठीची सीएलएसआयची मार्गदर्शिका) मधला ‘पेशंटमागे पहिलाच’ हा नियम का आहे ते टक्के बदलताना दिसते. आणि कोलिस्टिन या शेवटच्या उपायाच्या औषधाचा निकाल फक्त मेरोपेनेम रेझिस्टंट ओळींत, बाकी रिकामे. कोलिस्टिनचे टक्के कुणाचे काढले, हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाचाही तक्ता तपासत नाही.

पॅकेज ठेवणार, शिफारसही करणार. एसआयआर लावणे, पहिला आयसोलेट निवडणे, अँटिबायोग्राम काढणे यासाठी याहून चांगले फुकटात मला मिळालेले नाही. फक्त डेटा त्याच्याकडून बनवून घेऊ नका. बनवलाच तर एका औषधापुरता. शिवाय प्रत्येक ओळीत ‘कृत्रिम’ असा रकाना ठेवा आणि ती फाइल व्होनेटच्या (लॅबचे खरे निकाल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फोल्डरजवळही जाऊ देऊ नका. आमच्याकडे ती वेगळ्या पेनड्राइव्हवर असते.